हातावरचा मोर

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका शिबिरात एका तरुण कार्यकर्त्याने असा मुद्दा मांडला की, गोंदण ही गुलामगिरीची खूण आहे. आपल्या आयाआज्यांच्या अंगावर ती होती याचा आपण आता निर्धाराने विसर पाडला पाहिजे. टाळ्या पडल्या. मीही टाळी वाजवली. घरी आलो तेव्हा आई ओसरीत ज्वारी निवडीत बसली होती. तिच्या डाव्या हातावर, मनगटाच्या चार बोटे वर, अर्धा मोर आहे. मान आहे, तुरा आहे, अंग आहे; पिसाऱ्याच्या जागी मात्र पाच-सहा ठिपके आणि पुढे रिकामी कातडी. हा मोर मी जन्मल्यापासून पाहतो आहे. पण तो अर्धा का आहे हे मी तिला त्या दिवसापर्यंत कधी विचारले नव्हते. शिक्षकाची सारी नोकरी मी 'मुलांनो, प्रश्न विचारा' असे सांगण्यात घालवली, हे इथे कबूल केलेले बरे.

आमचे गाव पोखर्णी. परभणीहून गंगाखेडकडे जाताना लागते. नृसिंहाच्या देवळामुळे ते प्रसिद्ध आहे. रेल्वे स्टेशनाचे नावही 'पोखर्णी नृसिंह' असेच आहे. वैशाखात नृसिंह जयंतीला तिथे माणसांची रीघ लागते. त्या गर्दीच्या कडेला बांगड्या, फुटाणे, पाळणे यांच्याबरोबर बॅटरीवरचे गोंदणयंत्र घेऊन बसलेला माणूसही मी लहानपणी पाहिला आहे. पण माझ्या आजीचा मोर यंत्राचा नव्हता. तो सुईचा होता आणि तो पुरा होता.

आजीच्या अंगावर पक्षी तीन. डाव्या हातावर मोर, उजव्या हातावर समोरासमोर तोंड केलेले राघू-मैना. शिवाय कपाळावर आणि हनुवटीवर एकेक ठिपका, पंजाच्या पाठीवर तुळस. तिच्याकडे सोने म्हणावे असे गुंजभरही नव्हते. गळ्यात काळी पोत, हातात कथलाचे गोट. ती म्हणायची, "लेकरा, मढ्याच्या अंगावरचं सोनं काढून घेत्यात. ह्यो मोर कोण काढून घेणार? ह्यो संगं येतोय." हे वाक्य फक्त माझ्या आजीचे नाही. गोंदणाविषयी महाराष्ट्रातल्या आणि महाराष्ट्राबाहेरच्याही कष्टकरी बायका हेच सांगत आल्या आहेत. मेल्यावर बरोबर जाणारा दागिना एवढाच. यातला परलोक बाजूला ठेवला तरी एक रोकडा हिशेब उरतो: चोर नेऊ शकत नाही, सावकार गहाण ठेवून घेऊ शकत नाही आणि गावातला कोणी 'काढ' म्हणून हुकूम करू शकत नाही.

हा शेवटचा मुद्दा कल्पनेतला नव्हे. १९२८ साली इंदूर संस्थानातल्या कनारिया, बिचोली वगैरे गावांतल्या सवर्णांनी बलाई जातीवर जी बंधने जाहीर केली, त्यांत बलाई बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालता कामा नयेत हे कलम स्पष्ट होते. ज्याला ती मान्य नसतील त्याने गाव सोडावे, असेही बजावले होते. बाबासाहेबांनी 'अनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये (१९३६) हे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. दागिना ही नुसती हौस नव्हती. कोणी काय अंगावर घालायचे हे ठरवण्याचा अधिकार गावाकडे होता. हातावर सोने चालत नाही अशा ठिकाणी बाईने कातडीतच मोर काढून घेतला, तर तिला काय म्हणायचे?

आता हा मोर हातावर उमटतो कसा, ते सांगतो. कारण नक्षीचा अर्थ कळायला आधी शाई कळावी लागते. आजीने सांगितलेली रीत अशी. दिव्यावर खापर उपडे धरायचे आणि त्यावर धरलेली काजळी खरवडायची. ती पाण्यात किंवा पाल्याच्या रसात कालवायची. लेकुरवाळी शेजारीण असेल तर तिच्या दुधात. दोन-तीन सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या. रेघ जाड हवी तर सुया वाढवायच्या. काडीने हातावर आकार काढून घ्यायचा आणि मग टोचायला सुरुवात. टोचून झाले की रक्त पुसून पुन्हा काजळी चोळायची, वर हळद आणि तेल. हात दोन दिवस सुजायचा, खपली धरायची आणि खपली पडली की मोर खाली हिरवानिळा दिसायचा.

काळी काजळी हिरवीनिळी का दिसते, असे विद्यार्थी हमखास विचारतात. आपली वरची कातडी सतत झडत असते. शाई तिथेच राहिली तर महिन्याभरात निघून जाईल. सुई त्या थराच्या खाली, एक-दोन मिलिमीटर खोल जाते. तिथल्या काजळीवर प्रकाश पडतो तो वरच्या कातडीतून गाळून. या प्रवासात निळा प्रकाश जास्त विखुरला जातो आणि तोच आपल्या डोळ्यांपर्यंत परत येतो. काजळी मुळात काळीच राहते. ती टिकते कशी, हे तर फार अलीकडे कळले. शरीरात शिरलेला परका कण गिळून टाकणाऱ्या पेशी असतात. त्या काजळीही गिळतात, पण पचवू शकत नाहीत. २०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिले की, या पेशी मरतात तेव्हा काजळी मोकळी होते आणि त्यांच्या जागी आलेल्या नव्या पेशी तीच काजळी पुन्हा उचलतात. मोर तोच राहतो, त्याला धरून ठेवणारे बदलत जातात. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसाच्या अंगावर एकसष्ट खुणा मोजल्या गेल्या आहेत. त्याही काजळीच्याच आहेत.

काजळीचा एक दोष आहे. वर्षे जातात तशी ती कातडीत पसरते. जवळजवळ काढलेल्या दोन रेघा वीस वर्षांत एक होतात आणि बारीक नक्षीचा डाग होतो. गोंदणारणीला हे पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक होते. म्हणून तिचा मोर चित्रकाराच्या मोरासारखा नसतो. अंग म्हणजे एक बाक दिलेली रेघ. तुरा म्हणजे तीन काड्या, टोकाला तीन ठिपके. पिसारा म्हणजे सुट्या काड्यांची ओळ, प्रत्येकीच्या शेंड्यावर एकेक ठिपका आणि मध्ये मोकळी कातडी. ही मोकळी जागा सोडणे हेच त्यातले खरे कसब. राघूची ओळख एका गोष्टीवर: वाकडी चोच. चिमणी तर दोन त्रिकोणांत होते. राघू-मैनेच्या मध्ये एखादे झाड किंवा नुसता ठिपका ठेवला की जोडी पुरी. पुस्तकात शिकवतात ते 'शैलीकरण' इथे वस्तूच्या गरजेतून आलेले आहे. आपल्या सावळ्या रंगावर काळ्याइतके काही उठूनही दिसत नाही. वरच्या थरातल्या रंगद्रव्यातून पिवळा-तांबडा नीट बाहेर येत नाही. तेव्हा काळा रंग ही गरिबांची नाइलाजाची निवड होती असे समजू नये. त्या कातडीला तोच शोभत होता.

आता अर्थाकडे. राघू-मैना कोण, हे जात्यावर दळणाऱ्या कोणत्याही बाईला सांगावे लागत नसे. ओव्यांत राघू म्हणजे मुलगा आणि मैना म्हणजे मुलगी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून लाखभर ओव्या गोळा केल्या, त्यांत हे दोन पक्षी घडोघडी भेटतात. आजीच्या उजव्या हातावर तिची होणारी लेकरे लग्नाआधीच येऊन बसली होती. तिची चार गेली आणि तीन जगली. जोडी मात्र जशीच्या तशी राहिली.

मोराचा अर्थ लावणे इतके सोपे नाही, आणि इथे आपल्यातल्या काही अभ्यासक मित्रांशी माझा मतभेद आहे. धर्मांतरानंतर जुन्या गोष्टींत बौद्ध मूळ शोधण्याची आपल्याला सवय लागली. मोर म्हणजे मौर्यांचे चिन्ह. 'मोर जातका'त बोधिसत्त्व सोनेरी मोर होऊन येतो, सकाळ-संध्याकाळ सूर्याला वंदन करणारी गाथा म्हणतो आणि ती म्हणतो तोवर फासेपारध्याच्या फासात सापडत नाही. म्हणून आपल्या आज्यांचा मोर बौद्धच, असे एका मित्राने मला पटवून देण्याचा प्रयत्न केला. जातक सुंदर आहे, वाचावे. पण माझ्या आजीला मौर्य ठाऊक नव्हते. तोच मोर कुणब्याच्या बाईच्या हातावर आहे, गोंडांच्या आहे, बैगांच्या आहे. सरस्वतीच्या चित्रातही मोर आहे, म्हणून तो ब्राह्मणी ठरतो का? आजीला विचारले होते, "मोरच का काढलास?" ती म्हणाली, "गाडगाभर जवारी दिली व्हती, त्यात मोर यायचा. आन् मोराला कुणी हाकलत न्हाई. कावळ्याला हाकलत्यात, चिमणीला हाकलत्यात, आमाला हाकलत्यात. मोर रानात आला तर मालक बी बघत उभा ऱ्हातोय." मला वाटते मोराचा अर्थ शोधायला यापलीकडे जायची गरज नाही.

ज्वारी दिली ती कोणाला? गोंदणारणीला. ती भटक्या जमातीची. दक्षिणेत हे काम कोरवा बायका करीत, अशी नोंद थर्स्टनने १९०९ साली केली आहे. या कोरवांचे आपल्याकडचे भाईबंद म्हणजे कैकाडी, ज्यांचे जिणे 'उपरा'ने १९८० साली मराठी वाचकांपुढे ठेवले. ज्यांना १८७१ च्या कायद्याच्या परंपरेने जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांच्याच बाया गावोगावच्या बायकांच्या हातावर मोर काढीत हिंडत होत्या. आमच्या गावात ती आधी गावात गोंदायची आणि सगळ्यांत शेवटी महारवाड्यात यायची. महारवाड्यासाठी सुया वेगळ्या. आमच्या घरचे पाणी ती पीत नसे. पण गोंदायचे तर हात हातात घ्यावा लागतो, मांडीवर ठेवावा लागतो, रक्त पुसावे लागते. आजी सांगायची, "दोन घटका माझा हात तिच्या हातात व्हता. इटाळ कुटं गेला व्हता मंग?" गावगाड्याने खालच्यांतही उतरंड लावून ठेवली होती ती अशी. आणि कामाने ती दोन घटका मोडत होती, तीही अशी.

मात्र गोंदणाची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. आठ-नऊ वर्षांच्या पोरीला चौघी बायका दाबून धरीत. न गोंदता मेलीस तर यम तापल्या सळईने गोंदील, अशी भीती घालीत. बायकोच्या हातावर नवऱ्याचे नाव असे, नवऱ्याच्या हातावर बायकोचे क्वचित. त्याच सुयांनी साऱ्या आळीला टोचीत. त्यातून काय काय रोग पसरले असतील याचा हिशेब कोणी ठेवला नाही. आणि शरीरावरची खूण सत्तेच्या हाती गेली की काय होते, याचे दाखले आपल्या देशात भरपूर आहेत. कंपनी सरकारने १७९७ पासून बंगालात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदण्याची शिक्षा चालवली. ती १८४९ साली बंद झाली. पण १९९३ साली अमृतसरमध्ये पोलिसांनी चार बायकांच्या कपाळावर 'जेबकतरी' असे गोंदले, आणि त्यांना शिक्षा व्हायला २०१६ साल उजाडले. 'दीवार' सिनेमातल्या पोराच्या हातावरची अक्षरे पाहून १९७५ साली आम्ही थिएटरात रडलो होतो. या बायकांचे कपाळ पाहायला कोणी तिकीट काढले नाही.

म्हणूनच लादलेली खूण आणि घेतलेली खूण यांतला फरक चळवळीने नीट केला पाहिजे. त्या शिबिरात तो झाला नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांपुढे भाषण केले. लुगडी नेसण्याची पद्धत बदला, गळ्यातल्या गळसऱ्यांचे ढीग आणि हातातले कथलाचे गोट टाका, कारण त्यांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता, असे त्यांनी सांगितले. त्याआधी १९१५ साली केरळात अय्यंकाळींच्या हाकेवरून पुलया बायकांनी जातीची खूण म्हणून गळ्यात घालाव्या लागणाऱ्या दगडी मण्यांच्या माळा भर सभेत तोडून टाकल्या होत्या. माळ तोडता येते, गोट उतरवता येतात. छत्तीसगडच्या रामनामींनी उलटी वाट धरली: देवळात घेत नाही तर देवाचे नावच अंगभर गोंदू, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चारपारा गावच्या परसरामापासून ती रीत सुरू झाली. आपण ती वाट घेतली नाही आणि घ्यायलाही नको होती. पण आपल्या आज्यांच्या हातावर देव नव्हता, जात नव्हती, पक्षी होता. तो टाकायला सांगणारे कोणाला काय टाकायला सांगत होते?

आईचा मोर अर्धा राहिला तो याच प्रश्नापाशी. साल १९४७ च्या आगेमागे. आमच्याकडे निजामाचे राज्य होते. मनमाडला रेल्वेत असलेल्या चुलत्याकडून आजोबांनी महाडच्या भाषणाचा सारांश ऐकला होता. वीस वर्षे उशिरा का होईना, बातमी पोखर्णीला पोचली होती. ते घरी आले तेव्हा गोंदणारीण ओसरीत बसलेली, आईचा हात तिच्या मांडीवर आणि मोराचा पिसारा नुकता सुरू झालेला. आजोबा म्हणाले, "हात सोड तिचा. आपून ह्या खुणा सोडल्या." आजी भांडली. गोंदणारणीला ठरलेली ज्वारी पुरी दिली आणि ती उठून गेली. आजोबांचे बरोबर होते, असे मला वाटते. आजीचेही चूक नव्हते. त्या दिवशी ओसरीत दोघांनी आईला विचारले नाही, एवढे मात्र खरे.

मी आईला विचारले, "इतकी वर्षं हात पदराखाली झाकत आलीस, लाज वाटायची का?"

"वाटायची की."

"गोंदल्याची?"

"गोंदल्याची कशाची? अर्धा हाय म्हनून. बाया इचारायच्या, जवारी कमी पडली का गं?"

मी शिबिरात वाजवलेली टाळी मला तेव्हा आठवली.

आज काय चालले आहे? परभणीत गोंदवून देणारी दुकाने झाली आहेत, भिंतीला आरसे लावलेली. यंत्र जुनेच म्हणायचे: एडिसनच्या १८७६ च्या विजेच्या लेखणीवरून न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायलीने १८९१ साली त्याचे पेटंट घेतले. पण शाई पातळ करून छटा देता येतात, केसाएवढी रेघ येते. पोरी मनगटावर काळ्या, उडत्या पक्ष्यांची रांग काढून घेतात. त्यातली भिंगरी मूळची गोऱ्या खलाशांची, हजारो मैलांचा समुद्र कापल्याची खूण. इथे तिचा अर्थ 'मोकळीक' असा सांगतात. पोरांना गरुड हवा असतो, नखे उगारलेला, भरीव काळा. खूप जण 'जयभीम' काढतात, अशोकचक्र काढतात. हे मला आवडते. आजोबांना काय वाटले असते, सांगता येत नाही. दर ग्राहकाला नवी सुई फोडतो की नाही हे मात्र डोळ्यांनी पाहून घ्यावे. कावीळ आणि एचआयव्ही 'जयभीम' वाचून मागे फिरत नाहीत.

आणि भरतीला उभ्या राहणाऱ्या पोरांना एक गोष्ट सांगायलाच हवी. सैन्यभरतीच्या नियमांत कायमचे गोंदण कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि पंजाच्या पाठीवर एवढेच चालते. आदिवासी जमातींना त्यांच्या रूढीप्रमाणे अंगावर कुठेही सूट आहे. आपल्याला ती नाही. केंद्रीय पोलीस दलांच्या जाहिरातींत तर आतल्या भागावर तेही डाव्या हातालाच, सलामीच्या हाताला नको, अशी अट असते. माझा एक जुना विद्यार्थी धावण्यात पहिला आला आणि मानेवरच्या गरुडामुळे घरी परतला. गंमत अशी की, नियमाने मोकळ्या ठेवलेल्या जागा म्हणजे आजीच्या मोराची आणि तुळशीची जागा. तिला भरतीला जायचे नव्हते.

या लेखाच्या वाचकांत शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत. त्यांना एक काम सांगतो. आपल्या वस्तीत ऐंशीच्या पुढच्या बायका अजून असतील. त्यांच्या हातावरचे पक्षी कागदावर उतरवून घ्या. फोटो काढाच, पण हाताने रेघ काढल्याशिवाय कुठे मोकळी जागा सोडली आहे हे कळत नाही. पक्ष्याचे नाव त्यांच्याच बोलीत लिहा. कोणी गोंदले, काय दिले, हात कोणी धरला, आणि त्यांना स्वतःला तो पक्षी हवा होता का, हेही विचारा. अर्थ तुम्ही सांगू नका. प्रबंधांत मोराचा अर्थ पुष्कळ सापडतो, मोरवाली सापडत नाही.

आईचा मोर मी असाच उतरवला. दोन दिवस लागले, कारण तिचा हात आता थरथरतो आणि कातडी सैल पडल्याने मोराची मान वाकडी झाली आहे. कागद तिला दाखवला. चष्मा लावून तिने तो बराच वेळ पाहिला. म्हणाली, "पाय चुकलेत. माझ्या मोराला तीन बोटं हायती, तू चार काढलीस." मी रबर आणायला उठलो.